बृहदांत्रातील सौम्य तंत्रिका-अर्बुदे

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) भित्तीतील तंत्रिका (मज्जातंतू), त्यांना वेढणाऱ्या आधार-कोशिका (पेशी) व गुच्छिका-कोशिका यांपासून उद्‌भवणाऱ्या आणि शरीरात इतरत्र न पसरणाऱ्या गाठींना बृहदांत्रातील सौम्य तंत्रिका-अर्बुदे म्हणतात. बृहदांत्रात आढळणाऱ्या एकूण गाठींमध्ये त्यांचे प्रमाण अत्यल्प आहे. बहुतेक गाठी काही मिमी. आकाराच्या असतात, रुग्णास त्यांचा कोणताही त्रास होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत त्या योगायोगाने सापडतात. असे असूनही विकृतिविज्ञानात त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. दिसण्यात एकमेकींशी साम्य असलेल्या या गाठींपैकी काहींचा अर्थ ‘काही नाही’ एवढाच असतो, तर काही गाठी साऱ्या कुटुंबात वावरणाऱ्या एखाद्या गंभीर आनुवंशिक विकाराची पहिली खूण ठरू शकतात. याउलट, निरुपद्रवी गाठीला कर्करोग समजून आतड्याचा मोठा भाग काढून टाकला जाण्याचाही संभव असतो. म्हणून गाठीला योग्य नाव देणे हा या विषयाचा गाभा आहे.

बृहदांत्राची तंत्रिका-रचना : सु. दीड मी. लांबीच्या बृहदांत्राच्या भित्तीत आतून बाहेर श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर), अधःश्लेष्म स्तर, स्नायुस्तर व बाह्यावरण असे चार थर असतात. स्नायुस्तराच्या आतील वर्तुळाकार व बाहेरील अनुदैर्घ्य (लांबीच्या दिशेतील) तंतूंमध्ये तंत्रिकांचे एक जाळे असते. लेओपोल्ट आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १८६२ मध्ये केले. अधःश्लेष्म स्तरातील दुसरे जाळे गेओर्क माइसनर यांनी त्यापूर्वी, १८५७ मध्ये वर्णिले होते. या जाळ्यांच्या गाठींवर गुच्छिका-कोशिका, म्हणजे मोठे केंद्रक असलेल्या तंत्रिका-कोशिका, पुंजक्यांनी वसलेल्या असतात. संपूर्ण पचनमार्गात त्यांची संख्या १० कोटींहून अधिक मानली जाते. मेंदूशी संबंध तुटला, तरी आतड्याची लहरीसारखी हालचाल चालू राहते, ती या जाळ्यांमुळेच.

या सर्व कोशिका भ्रूणाच्या तंत्रिका-शिखेतून येतात. त्या मानेच्या भागातून निघून आतड्याच्या नळीतून खाली सरकत जातात आणि गर्भाच्या सु. सातव्या आठवड्यापर्यंत गुदद्वाराच्या टोकापर्यंत पोहोचतात. हा प्रवास अर्धवट राहिल्यास आतड्याचा शेवटचा भाग गुच्छिका-कोशिकांविना राहतो, तो आकुंचित होतो आणि त्याच्या वरचे आतडे प्रचंड फुगते. हाराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश वैद्यांनी १८८६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले तो हाच. १०व्या गुणसूत्रावरील ‘रेट’ या जीनाचे कार्य उणे पडणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. त्याच जीनाचे कार्य नको इतके वाढले, तर आतड्यात गुच्छिका-कोशिकांचा महापूर येतो. एकाच जीनाच्या दोन टोकांच्या दोषांचे परिणाम विरुद्ध असले, तरी दोन्हींत बालकास तीव्र बद्धकोष्ठ होतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

निरोगी बृहदांत्राच्या श्लेष्मकलेत बारीक तंत्रिका-तंतू असतात, परंतु गुच्छिका-कोशिका जवळजवळ नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तेथे घोळक्याने दिसल्या की, विकृतिवैज्ञानिक सावध होतो.

प्रकार : या गाठींचे वर्गीकरण त्या कोणत्या कोशिकांपासून झाल्या यावरून करतात. श्वान-कोशिका या तंत्रिका-तंतूंना गुंडाळून राहणाऱ्या आधार-कोशिका होत. कोशिका-सिद्धांताचे एक जनक टेओडोर श्वान यांचे नाव त्यांना दिलेले आहे. तंत्रिकेच्या जुडग्याभोवती चपट्या कोशिकांचे जे वेष्टन असते, त्यातील कोशिकांना परितंत्रिका-कोशिका म्हणतात. या दोन्ही आणि गुच्छिका-कोशिका एवढे तीन घटक ध्यानात ठेवले म्हणजे पुढील नावे समजण्यास अडचण पडत नाही.

सर्वांत निरुपद्रवी व व्यवहारात वारंवार भेटणारी गाठ म्हणजे श्लेष्मकलेतील श्वान-कोशिकांचा हॅमार्टोमा होय. हॅमार्टोमा म्हणजे त्या जागी मुळातच असलेले ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) अस्ताव्यस्त वाढून झालेली गाठ. हे नाव गिब्सन व हॉर्निक यांनी २००९ मध्ये २६ रुग्णांच्या अभ्यासावरून सुचविले. त्यापूर्वी अशा गाठींना सरसकट ‘न्यूरोफायब्रोमा’ किंवा ‘न्यूरोमा’ म्हटले जात असे व रुग्णाच्या माथी नसता आनुवंशिक रोग मारला जाई. ही गाठ प्रायः डाव्या बाजूच्या बृहदांत्रात किंवा गुदांत्रात, मध्यम वा उतार वयात, एकटीच आढळते. तिच्यात निमुळत्या टोकांच्या श्वान-कोशिका श्लेष्मकलेतील नलिकाकार ग्रंथींच्या मधली जागा भरून काढतात व त्या ग्रंथींना एकमेकींपासून दूर लोटतात. गुच्छिका-कोशिका तिच्यात नसतात. पॉलिप (मोडासारखी वाढ) म्हणून ती काढली गेली की, उपचार तेथेच संपतो.

परितंत्रिकार्बुद हे तिच्यासारखेच लहान व निरुपद्रवी असून अवग्रहाकार बृहदांत्रात अधिक आढळते. त्याच्या कोशिका ग्रंथींभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे वर्तुळे करून बसतात आणि ग्रंथींची कड अनेकदा करवतीसारखी दातेरी दिसते. २००४ मध्ये ‘सौम्य तंतुजनक पॉलिप’ या नावाने वर्णिलेल्या गाठी बहुतांशी याच प्रकारच्या आहेत, असे पुढे दिसून आले. दातेरी कड असलेल्या ग्रंथींत ‘ब्राफ’ या जीनाचे उत्परिवर्तन (आकस्मिक आनुवंशिक बदल) काही वेळा सापडते, म्हणून तेथे मूळ विकार ग्रंथींचा की तंत्रिका-वेष्टनाचा, असा प्रश्न उपस्थित झालेला आहे.

श्वान-कोशिकार्बुद (श्वानोमा) ही मात्र खरीखुरी, कधी कधी अनेक सेंमी. वाढणारी गाठ आहे. पचनमार्गात ती प्रामुख्याने जठरात होते. बृहदांत्रात ती विरळ असून उंडुक (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा पिशवीसारखा भाग) व अवग्रहाकार भाग ही तिची नेहमीची स्थाने होत. हातापायांतील व कर्णतंत्रिकेवरील श्वान-कोशिकार्बुदांचे जे वर्णन पाठ्यपुस्तकांत आढळते ते येथे फारसे लागू पडत नाही. त्या गाठींना कवच असते, त्यांत दाट व विरळ असे दोन भाग स्पष्ट दिसतात, आणि होसे व्हेरोकाय यांनी १९१० मध्ये वर्णिलेल्या केंद्रकांच्या रांगा आढळतात. आतड्यातील गाठीला कवच नसते, रांगाही क्वचितच दिसतात. त्यांऐवजी तिच्या कडेने लसीका-कोशिकांचे (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्त-कोशिकांचे) ठिपक्याठिपक्यांचे एक कडे असते. हे कडे एकदा पाहिलेल्यास विसरता येत नाही आणि निदानाचा तोच सर्वांत हाताशी असलेला पुरावा होय. गाठीजवळच्या लसीका-ग्रंथी मोठ्या झालेल्या असू शकतात. त्यामुळे प्रतिमा-तपासणीत कर्करोग पसरल्याचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात ही गाठ शरीरात पसरत नाही.

न्यूरोफायब्रोमा बृहदांत्रात एकटा सापडणे दुर्मिळ आहे. तो आढळल्यास फ्रीड्रिख फोन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकाराची चौकशी करणे आवश्यक असते. या विकारास कारण असलेला जीन १७व्या गुणसूत्रावर असून तो १९९० मध्ये ओळखला गेला. सु. ३,००० जन्मांत एकास हा विकार होतो, म्हणजे तो फार दुर्मिळ नव्हे. त्वचेवर दुधातल्या कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत तिळासारखे ठिपके, अंगावर मऊ गाठी आणि डोळ्याच्या बुबुळावर बारीक उंचवटे ही त्याची लक्षणे होत. एवढे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. सदरा काढलेला रुग्ण आणि पुरेसा उजेड एवढे पुरते. येथे हेही नमूद केले पाहिजे की, या विकारातील काही न्यूरोफायब्रोमा, विशेषतः जाळीदार प्रकारचे, पुढे मारक स्वरूप धारण करू शकतात.

कणमय कोशिकार्बुदाचे वर्णन रशियन विकृतिवैज्ञानिक आब्रिकॉसॉव्ह यांनी १९२६ मध्ये जिभेवरील गाठींवरून केले व ते स्नायूंपासून होते असे मानले. ते श्वान-कोशिकांपासून होते हे नंतर कळले. बृहदांत्रात ते अस्तराखाली पिवळसर, टणक बुंद्यासारखे दिसते. कोशिका कणांनी खच्चून भरलेल्या असतात आणि गाठ जवळजवळ नेहमी सौम्य असते.

गुच्छिका-तंत्रिकार्बुद : वरील सर्व प्रकारांहून या गाठीचा विचार वेगळा करावा लागतो. तिच्यात श्वान-कोशिका, तंत्रिका-तंतू व गुच्छिका-कोशिका असे तिन्ही घटक असतात. शेकिटका व सोबिन यांनी १९९४ मध्ये ४३ रुग्णांच्या गाठी तपासून तिच्या तीन अवस्था वेगळ्या करण्याचे महत्त्व दाखवून दिले. तीच विभागणी अद्याप वापरात आहे.

पहिल्या अवस्थेत एकच, बहुधा २ सेंमी.हून लहान पॉलिप असतो. त्याचा आनुवंशिक विकाराशी संबंध सहसा नसतो आणि तो काढल्यावर रुग्ण मोकळा होतो. दुसऱ्या अवस्थेत अनेक, कधी कधी वीसहून अधिक, पॉलिप असतात. अशा वेळी ‘पीटेन’ या जीनाच्या दोषाने होणाऱ्या काउडेन विकाराचा विचार मनात आणावाच लागतो. या विकारात स्तन, अवटू ग्रंथी व गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगाचा धोका बराच वाढलेला असतो. डोक्याचा घेर मोठा असणे आणि चेहऱ्यावर व हिरड्यांवर बारीक खडबडीत पुटकुळ्या असणे या त्याच्या बाह्य खुणा होत. त्याचा जीन १९९७ मध्ये सापडला. बृहदांत्रातील पॉलिपांवरून चाळिशीतल्या स्त्रीची स्तन-तपासणी वेळेवर होऊ शकते, हा संबंध पुष्कळदा वैद्यांच्याही ध्यानात येत नाही.

तिसरी अवस्था पसरलेल्या वाढीची. येथे पॉलिप नसतो. आतड्याच्या भित्तीतील तंत्रिकांचे जाळेच सर्वत्र सुजल्यासारखे जाड होते, आणि एरवी ठिपक्यांसारखे दिसणारे गुच्छिकांचे पुंज दोरखंडासारखे जाड पट्टे बनतात. ही अवस्था रेकलिंगहाउझेन यांच्या विकारात दिसते, तसेच अनेक अंतःस्रावी ग्रंथींत अर्बुदे होण्याच्या विकाराच्या ‘२-बी’ या उपप्रकारात दिसते. हा उपप्रकार ‘रेट’ जीनातील दोषाने होतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. सु. ९५ टक्के रुग्णांत तो दोष एकाच ठिकाणी, ९१८व्या स्थानी, असतो. तेथे मेथिओनीन या ॲमिनो अम्लाऐवजी थ्रिओनीन येते. एवढ्या सूक्ष्म अदलाबदलीचे परिणाम भयंकर आहेत. अशा बालकास अवटू ग्रंथीच्या मध्यांशाचा कर्करोग होणे जवळजवळ निश्चित असते, आणि तोही अगदी लहान वयात. दोष वेळीच कळल्यास पहिल्या वर्षातच अवटू ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. कर्करोग मानेतील लसीका-ग्रंथींत पोहोचल्यावर शस्त्रक्रियेने तो पूर्ण बरा होण्याची आशा फार कमी उरते.

दुर्दैवाने बहुसंख्य रुग्णांत हा दोष आईवडिलांकडून आलेला नसतो. तो त्या बालकातच नव्याने उद्‌भवलेला असतो. त्यामुळे ‘घरात कोणाला असे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते आणि चौकशी तेथेच थांबते. ज्या खुणा असतात त्या साध्या आहेत : तान्हेपणी रडताना डोळ्यांत पाणी न येणे, जन्मापासून हट्टी बद्धकोष्ठ, पोट फुगणे, पुढे जाड ओठ, जिभेच्या टोकावर व पापण्यांच्या कडांवर मोत्यासारखे बारीक दाणे, उंच सडपातळ बांधा व लांब बोटे. बद्धकोष्ठ हे यांतील सर्वांत आधीचे लक्षण होय. अशा मुलास हिर्शस्प्रुंग यांचा विकार असल्याच्या शंकेने गुदांत्राचा तुकडा काढून तपासला जातो आणि त्यात गुच्छिका-कोशिका ‘आहेत’ असा अहवाल येतो. अहवाल खरा असतो, पण अपुरा. त्या किती आहेत व कोठे आहेत, हे पाहणारा विकृतिवैज्ञानिक त्या मुलाचे प्राण वाचवू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच होय.

सूक्ष्मदर्शकीय निदान : काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे छेद घेतात व ते हीमॅटॉक्सिलीन आणि इओसीन या रंगद्रव्यांनी रंगवितात. अनुभवी डोळ्यास पुष्कळदा एवढ्यावर निदान होते. निमुळत्या कोशिकांच्या गाठी मात्र एकमेकींची हुबेहूब नक्कल करतात. तेथे प्रतिपिंडांचा (विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या पदार्थांचा) उपयोग करून कोशिकेतील प्रथिने रंगविण्याची पद्धत वापरावी लागते. या पद्धतीतील सर्वांत जुना व उपयुक्त साथी म्हणजे ‘एस-१००’ हे प्रथिन. ब्लेक मूर यांनी १९६५ मध्ये ते गाईबैलांच्या मेंदूतून वेगळे केले. अमोनियम सल्फेटाच्या १०० टक्के संपृक्त विद्रावातही ते विरघळलेले राहते म्हणून त्यास हे नाव मिळाले. श्वान-कोशिकांत ते भरपूर असते. म्हणून श्वान-कोशिकार्बुद, श्वान-कोशिकांचा हॅमार्टोमा व कणमय कोशिकार्बुद हे ‘एस-१००’ने गडद रंगतात. न्यूरोफायब्रोमात काहीच कोशिका रंगतात, आणि परितंत्रिकार्बुद रंगत नाही, तर ‘ईएमए’ व ‘क्लॉडिन-१’ या प्रथिनांसाठी रंगते. ‘सॉक्स-१०’ हे केंद्रकातील प्रथिन अलीकडे ‘एस-१००’च्या जोडीस वापरले जाते.

रंजनाचा सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. पचनमार्गाच्या भित्तीत आधारोतकापासून होणारे एक अर्बुद असते. त्यात निमुळत्या कोशिका असतात व त्याच्यापासून यकृतात व पोटात रोग पसरण्याचा धोका असतो. १९९८ पर्यंत त्याची ओळख नीट पटलेली नव्हती. त्याला कधी स्नायूचे, तर कधी तंत्रिकेचे अर्बुद म्हटले जाई. त्या वर्षी जपानमधील हिरोता व त्यांचे सहकारी यांनी या अर्बुदात ‘किट’ या जीनाचे उत्परिवर्तन असल्याचे दाखविले. तेव्हापासून ‘सीडी-११७’ व पुढे ‘डॉग-१’ या रंजनांनी ते ओळखता येते. श्वान-कोशिकार्बुद या दोन्हींसाठी रंगत नाही. म्हणून १९९८ पूर्वीच्या ग्रंथांतील बृहदांत्राच्या ‘तंत्रिका-अर्बुदां’ची वर्णने व आकडे आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत.

लक्षणे व उपचार : लहान गाठींना लक्षणे नसतात. मोठ्या गाठीवरील अस्तर झिजून रक्तस्राव होतो, पोटात कळा येतात, आंत्रमार्गरोध होतो आणि क्वचित आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. बृहदांत्रदर्शक नळीतून पॉलिप काढण्याची पद्धत शिन्या व वुल्फ यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या सुमारास रूढ केली. तिच्यामुळे लहान गाठींना पोट उघडण्याची गरज उरली नाही. श्वान-कोशिकार्बुदाच्या बाबतीत एक अडचण असते. गाठ अस्तराखाली असल्याने चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात केवळ निरोगी श्लेष्मकला येते आणि निदान होत नाही. मग कर्करोग गृहीत धरून बृहदांत्राचा अर्धा भाग काढला जातो व खरे नाव शस्त्रक्रियेनंतर कळते. यात शल्यविशारदाची चूक असतेच असे नाही, परंतु खोलवरचा तुकडा आधी मिळाला असता, तर लहान शस्त्रक्रिया पुरली असती, असे अनेकदा म्हणावे लागते.

बारामती व इंदापूर परिसराच्या संदर्भात : या गाठींचे प्रमाण ग्रामीण महाराष्ट्रात किती, याचा आकडा उपलब्ध नोंदींतून काढता येत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. परंतु कर्करोग-नोंदणीचा विषय मारक अर्बुदे हा असल्याने सौम्य गाठी तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय पाश्चात्त्य देशांत लहान गाठी सापडतात त्या मुख्यतः निरोगी माणसांच्या बृहदांत्र-तपासणीतून. भारतात शासकीय कर्करोग-तपासणी मोहिमा मुख, स्तन व गर्भाशयमुख यांपुरत्या आहेत. त्यामुळे नीरेच्या कालव्यावरील बागायती गावांत काय किंवा इंदापूरच्या कोरडवाहू गावांत काय, बृहदांत्राची तपासणी होते ती लक्षणे दिसू लागल्यावरच. शौचावाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचे समजून घरगुती उपायांत काही काळ जातो. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस गोळा लागला, तर येथील वैद्य प्रथम क्षयरोग, आमांशाच्या परजीवीने झालेला गोळा व कर्करोग या तिहींचा विचार करतात, आणि ते योग्यच आहे. श्वान-कोशिकार्बुद त्या यादीत शेवटी येते. मात्र क्षयरोगाचा पुरावा न मिळताच औषधे सुरू करून वाट पाहिली जात असेल, तर ही शेवटची शक्यताही लक्षात ठेवावी.

इंदापूर पुण्यापासून सोलापूर मार्गावर सु. १३५ किमी. आणि बारामती सु. १०० किमी. आहे. दीर्घकाळ येथील रुग्णांच्या दृष्टीने विकृतिवैज्ञानिक तपासणीचे मोठे शासकीय केंद्र म्हणजे पुण्याचे ससून रुग्णालय व त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्यात विकृतिविज्ञान विभाग असतोच. त्यामुळे नित्याचे छेद व रंजन यांसाठी तुकडा शंभर किमी. पाठविण्याचे कारण उरले नाही. ‘रेट’ किंवा ‘पीटेन’ यांसारख्या जीनांच्या चाचण्यांसाठी मात्र रक्ताचा नमुना पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांकडे पाठविणे क्रमप्राप्त असते.

तुकडा कोठेही तपासला गेला, तरी त्याच्याबरोबर काय लिहून येते यावर निदान अवलंबून असते. ‘पॉलिप, बृहदांत्र’ एवढ्याच शब्दांवर गुच्छिका-तंत्रिकार्बुदाचा अर्थ लावता येत नाही. पॉलिप एक की अनेक, कोठला, रुग्णाचे वय, अंगावरील डाग, मानेतील गाठ, तान्हेपणापासूनचा बद्धकोष्ठ आणि घरात अवटू वा स्तनाचा कर्करोग झालेली व्यक्ती, एवढ्या गोष्टी चार ओळींत मावतात. तुकडा त्याच्या आकारमानाच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावा. नुसत्या मिठाच्या पाण्यात तो कुजतो व स्पिरिटमध्ये आकसतो. उन्हाळ्यात भिगवणच्या थांब्यावर दोन तास उभ्या असलेल्या गाडीत मिठाच्या पाण्यातील तुकड्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

एक अडचण या भागाची खास आहे. बारामती व इंदापूर हे साखर कारखान्यांचे तालुके आहेत. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून मार्च-एप्रिलपर्यंत, बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची कुटुंबे मुलाबाळांसह येथे फडाजवळ राहतात. हंगामात मुलाच्या पोटफुगीसाठी तपासणी झाली, तरी अहवाल तयार होईपर्यंत कुटुंबाचा मुक्काम हललेला असू शकतो. सौम्य गाठीच्या बाबतीत एरवी याने फारसे बिघडत नाही. पसरलेल्या गुच्छिका-तंत्रिकार्बुदाच्या बाबतीत मात्र गाठ सौम्य असूनही अहवाल न पोहोचणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून अशा रुग्णाच्या कागदावर मूळ गावाचा पत्ता व मुकादमाऐवजी नातेवाइकाचा दूरध्वनी-क्रमांक लिहिणे, हे रंजनाइतकेच आवश्यक समजावे.

पाठपुराव्याचे नियम थोडक्यात असे : श्वान-कोशिकांचा हॅमार्टोमा, परितंत्रिकार्बुद व एकटा गुच्छिका-तंत्रिकार्बुद यांनंतर त्या गाठीसाठी म्हणून पुन्हा तपासणीची गरज नसते. श्वान-कोशिकार्बुद पूर्ण निघाले असल्यास ते पुन्हा उद्‌भवणे विरळ होय. अनेक पॉलिप, पसरलेली वाढ किंवा न्यूरोफायब्रोमा असल्यास रुग्णाची आनुवंशिक चौकशी करतात आणि जीनातील दोष सापडल्यास आईवडील, भावंडे व मुले यांनाही चाचणी सुचवितात. जुन्या रुग्णाच्या बाबतीत शंका आल्यास नवा तुकडा घ्यावाच लागतो असे नाही. मेणात बसविलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. विकृतिविज्ञान विभागात तो क्रमांकानिशी जपून ठेवलेला असेल, तर अनेक वर्षांनीही त्याचा नवा छेद घेऊन ‘एस-१००’ किंवा ‘सीडी-११७’ने रंगविता येतो आणि चुकीचे नाव बदलता येते.